आवाज खोलीत बिघडतो, प्रीअँपमध्ये नाही

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "तुमचा आवाज स्टुडिओसारखा येत नाही, कारण ऑडिओ इंटरफेसमधले प्रीअँप नावालाच असतात. वेगळा प्रीअँप घ्या, शक्यतो ट्यूबवाला, म्हणजे आवाजाला ऊब येईल. डायनॅमिक माइक असेल तर बूस्टरशिवाय चालणारच नाही. प्रीअँपनंतर हार्डवेअर कॉम्प्रेसर लावा, नाहीतर डिजिटलमध्ये आवाज फाटतो. लेव्हल शून्याच्या जितकी जवळ तितकं रेकॉर्डिंग चांगलं. कॉम्प्रेसर चारास एकवर ठेवा की झालं. आणि प्लगइनच्या नादी लागू नका, त्यात ती मजा नाही."

आधी शब्दांचे अर्थ: ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी. प्रीअँप माइकचा बारीक सिग्नल वाढवतो. बूस्टर ही त्याच्या आधी लावायची, सिग्नल थोडा वाढवणारी छोटी पेटी. कॉम्प्रेसर मोठे सूर दाबून आवाज सारखा करतो. आणि प्लगइन म्हणजे पेटीचं काम करणारं सॉफ्टवेअर. त्या सल्ल्यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात कुठेतरी खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर हा सल्ला इतका टिकला. पण सगळा मिळून तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. मला त्याचा राग येतो, कारण त्याचा भुर्दंड गाणाऱ्याला पडतो. साठवलेले पैसे एका पेटीत जातात, रेकॉर्डिंग होतं तसंच राहतं, आणि मग त्याला वाटू लागतं की दोष आपल्या गळ्यातच असणार. अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"इंटरफेसमधले प्रीअँप नावालाच असतात"

माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, कधी त्याहूनही कमी. तो कन्व्हर्टरला (सिग्नलचे डिजिटल आकडे करणाऱ्या भागाला) लागतो तितका, साधारण व्होल्टच्या घरात नेणं हे प्रीअँपचं काम. म्हणजे १०० ते १,००० पट वाढवायचा. डेसिबलमध्ये सांगायचं तर ४० ते ६०. या वाढीला गेन म्हणतात. हे करताना त्याने स्वतःचा नॉइज कमीत कमी मिसळावा, मोठ्या सुरावर फाटू नये आणि खर्ज किंवा टीप यांपैकी कशालाही दाबू-फुगवू नये, एवढीच अपेक्षा.

यातल्या नॉइजला निसर्गानेच तळ घालून दिला आहे. कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात आणि त्या हालचालीचाच नॉइज होतो. १५० ओहमच्या स्रोताचा हा नॉइज खोलीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे उणे १३१ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप; जितकं उणे तितकं शांत) भरतो. कितीही भारी प्रीअँप आणला तरी इनपुटला जोडलेला असा स्रोत याहून शांत होत नाही. आजच्या साध्या पण नीट बनवलेल्या इंटरफेसचे आकडे उणे १२६ ते उणे १२९ यांच्या दरम्यान असतात. ज्याला "नावालाच" म्हणतात तो प्रीअँप आणि भौतिकशास्त्राची हद्द यांच्यात २ ते ५ डेसिबल उरले आहेत.

हेच कानाच्या मापात मांडून पाहा. समजा तुमचा कंडेन्सर माइक (बाहेरून वीज लागणारा, जास्त सिग्नल देणारा प्रकार) ९४ डेसिबलच्या आवाजाला २० मिलिव्होल्ट देतो. प्रीअँपचा नॉइज उणे १२८ डीबीयू, म्हणजे ०.३ मायक्रोव्होल्टच्या आसपास. गणित केलं तर हा नॉइज हवेतल्या सुमारे उणे २ डेसिबल आवाजाइतका निघतो. माणसाच्या कानाला जिथे ऐकू यायला लागतं, त्याच्याही खाली. माइकचा स्वतःचा नॉइज याहून बराच जास्त असतो. न्यूमन यू८७ एआयसारख्या नावाजलेल्या माइकचाही तो १२ डेसिबल आहे. आणि घरातली शांत म्हणावी अशी खोली ३० डेसिबलच्या आसपास असते, पंखा चालू केला की आणखी वर. प्रीअँप बदलून तुम्ही जे कमी करायला निघाला आहात, ते आधीच खोलीच्या आवाजाखाली ३० डेसिबल गाडलेलं आहे.

मग घरचं रेकॉर्डिंग "स्वस्त" का ऐकू येतं? ते भिंतींमुळे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जवळच्या भिंतीवर किंवा टेबलावर आपटून १ मीटरचा जास्त प्रवास करून आलेला आवाज माइकपाशी २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतका थोडा उशीर प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्यात खड्डे पाडतो: पहिला १७० हर्ट्झच्या आसपास, आणि मग दर ३४३ हर्ट्झला एकेक. पुरुषाच्या आवाजाचा भरीवपणा जिथे असतो तिथेच पहिला खड्डा. ऐकणारा म्हणतो, "आवाज डब्यातून येतोय, पातळ आहे." आणि ज्याने तो फिरता सल्ला वाचलेला असतो तो म्हणतो, "प्रीअँप बदल."

याची खात्री करायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. हेडफोन लावा, माइक हातात धरा आणि बोलत बोलत खोलीभर फिरा. आधी कोपऱ्यात जा, मग टेबलावर वाका, शेवटी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला. माइक तोच, प्रीअँप तोच, गेनही तोच. एका मिनिटात तुम्हाला जितका फरक ऐकू येईल, तितका मी कुठल्याही दोन चांगल्या प्रीअँपमध्ये आजवर ऐकलेला नाही.

आणखी एक गोष्ट, कारण यात बरीच मेहनत फुकट जाते. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, मागचं कमी ऐकतो. म्हणजे तो गाणाऱ्याकडे पाहतो आणि गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेही. जाड गोधडी, रजई, गादी जे काही असेल ते आधी गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला हवं. लोक मात्र माइकच्या मागे पातळ फोम चिकटवतात. पातळ फोम फक्त वरच्या कंप्रता पितो, खालच्या तशाच सोडतो, आणि आवाज आधीपेक्षा जास्त कोंदट होतो. त्यानंतर अंतर. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा पडसाद जवळपास आहे तिथेच राहतो. ३० सेंटिमीटरवरून १५ वर येणं ही घरच्या रेकॉर्डिंगमधली सर्वांत मोठी सुधारणा आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. मध्ये पॉप फिल्टर (तोंडासमोरची जाळी) मात्र हवा.

"ट्यूबमुळे आवाजाला ऊब येते"

ज्या प्रीअँपचं नाव "ऊबदार" म्हणून सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो नीव्ह १०७३. तो १९७० सालचा, आणि त्यात एकही ट्यूब (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) नाही. आत क्लास-ए ट्रान्झिस्टर आहेत आणि इनपुट-आउटपुटला ट्रान्सफॉर्मर. म्हणजे ऊब आणि ट्यूब ही जोडी इथेच सुटते.

ट्यूबचं नीट बनवलेलं सर्किट २०० ते ३०० व्होल्टवर चालतं आणि नेहमीच्या लेव्हलला ते बऱ्यापैकी स्वच्छच असतं. रंग चढतो तो त्याला जोरात ढकलल्यावर. स्वस्तात मिळणाऱ्या अनेक ट्यूब प्रीअँपमध्ये एक १२एएक्स७ ट्यूब अगदी कमी व्होल्टेजवर चालवलेली असते आणि खरा गेन चिपमधून येतो. तिथे ट्यूबचं काम थोडी विकृती मिसळण्याचं आणि जाळीमागून लालसर दिसण्याचं. ती विकृती तुम्हाला आवडली तर आवडली, त्यात गैर काही नाही. पण ती एकदा रेकॉर्ड झाली की निघत नाही. हेच काम करणारं सॅच्युरेशनचं प्लगइन नंतर कमी-जास्त करता येतं, काढूनही टाकता येतं.

ट्रान्सफॉर्मरचा रंग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि मला तो आवडतो. मात्र तोही लेव्हलवर अवलंबून असतो: हलक्या हाताने वापरलेला १०७३ आणि साधा स्वच्छ प्रीअँप यांतला फरक गाण्याच्या मिक्समध्ये शोधून काढावा लागतो.

ऐकणाऱ्याला जी ऊब हवी असते ती बहुतेक वेळा माइकच्या जागेत असते. कार्डिऑइड माइकजवळ तोंड नेलं की खालच्या कंप्रता फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. २५ सेंटिमीटरवर कोरडा वाटणारा गळा १० सेंटिमीटरवर भरून येतो. फार जवळ गेलात तर घुमायला लागतं, तेव्हा थोडं मागे या. "स" आणि "श" टोचत असतील तर माइक तोंडाच्या सरळ रेषेतून २०-३० अंश वळवा. तासभर या दोनच गोष्टींशी खेळलात तरी स्वतःच्या आवाजाबद्दलचं मत बदलतं.

"डायनॅमिक माइकला बूस्टरशिवाय चालणारच नाही"

या दाव्यात तथ्य जास्त आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

शूअर एसएम७बी हा डायनॅमिक माइक (बाहेरून वीज न लागणारा, कमी सिग्नल देणारा प्रकार) ९४ डेसिबलच्या आवाजाला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. वरच्या उदाहरणातल्या कंडेन्सरपेक्षा १८ पट कमी. तोच उणे १२८ डीबीयूचा प्रीअँप आता या माइकसोबत हवेतल्या सुमारे २३ डेसिबलइतका नॉइज देतो. खोलीच्या ३० च्या तो अजून खाली आहे, पण आता हाकेच्या अंतरावर आला. इंटरफेस जुना असेल आणि त्याचा आकडा उणे १२० असेल, तर नॉइज ३१ पर्यंत जातो आणि शांत जागी स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी बूस्टर किंवा वेगळा प्रीअँप खरंच उपयोगी पडतो.

पण उणे १२८ चा इंटरफेस असताना? तुम्ही आदर्श प्रीअँप आणला, निसर्गाच्या तळाला टेकलेला, तरी २३ चे २० होतील. सगळा खर्च त्या ३ डेसिबलसाठी.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. गेन कमी पडणं वेगळं आणि नॉइज जास्त असणं वेगळं. एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन हवा असं खुद्द शूअर सांगते, आणि हळू आवाजातल्या निवेदनाला तो लागतोही. गाण्याचं गणित निराळं आहे. खुल्या गळ्याने, १० सेंटिमीटरवरून गाणारा माणूस सहज १०० डेसिबलच्या वर जातो. त्याला ४५ डेसिबलच्या आसपास गेन पुरतो. म्हणजे एखाद्याचं निवेदन रेकॉर्ड होताना बूस्टर लागला, म्हणून तुमच्या गाण्याला तो लागेलच असं नाही.

आपल्याकडे नॉइज नेमका कशाचा आहे हे असं ओळखा. नेहमीच्या गेनवर अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा. मग गेनला हात न लावता माइक जाड पांघरुणात गुंडाळून कपाटात बंद करा आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या. दुसऱ्या वेळी नॉइज बराच उतरला तर दोषी खोली. तसाच राहिला तर माइक किंवा प्रीअँप. माइक नुसता काढून ऐकू नका. मोकळ्या इनपुटचा नॉइज जास्त येतो आणि तो फसवतो.

"हार्डवेअर कॉम्प्रेसर नसेल तर डिजिटलमध्ये आवाज फाटतो"

मला सगळ्यात जास्त नुकसानकारक वाटतो तो हा दावा, कारण यामुळे चांगले टेक कायमचे वाया जातात.

आधी जोडणीच पाहू. बहुतेक इंटरफेसमध्ये माइकचं सॉकेट, प्रीअँप आणि कन्व्हर्टर सलग जोडलेले असतात. मध्ये शिरायला वाट नसते. त्यामुळे हार्डवेअर कॉम्प्रेसर वापरायचा तर बाहेरचा प्रीअँप, मग कॉम्प्रेसर, आणि तिथून इंटरफेसच्या लाइन इनपुटला, असं जावं लागतं. हे कुणी सांगत नाही. मग लोक कॉम्प्रेसरची तार इंटरफेसच्या माइक इनपुटला लावतात, आधीच वाढवलेला सिग्नल दुसऱ्या प्रीअँपमध्ये घुसतो, आणि जो आवाज फाटू नये म्हणून हे सगळं केलं तोच आणखी फाटतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळी लावलेला कॉम्प्रेसर तर कन्व्हर्टरच्या नंतर येतो. आत शिरतानाच फाटलेल्या आवाजाला तो काय वाचवणार?

आता अटॅक, म्हणजे आवाज वाढल्यावर कॉम्प्रेसरला तो दाबायला लागणारा वेळ. गायनासाठी ज्याचं नाव हमखास घेतात तो कॉम्प्रेसर म्हणजे टेलिट्रॉनिक्स एलए-२ए. त्याच्या आत प्रकाश देणारी पट्टी आणि प्रकाशाने बदलणारा रोध आहे. आवाज वाढला की पट्टी उजळते आणि रोध सिग्नल खाली ओढतो. या सगळ्याला सरासरी १० मिलिसेकंद लागतात. "प" किंवा "फ"चा फुटका झोत, तानेतला अचानक उसळलेला सूर, यांचं टोक तेवढ्यात निघूनही गेलेलं असतं. १९६७ चा ११७६ हा दुसरा कॉम्प्रेसर खूप चपळ आहे, त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. तो टोक पकडेल, पण फाटण्यापासून वाचवण्यासाठी म्हणून त्याला इतका आवळून ठेवला तर सगळी उच्चारांची धार बोथट होते.

मग स्टुडिओत कॉम्प्रेसर लावून रेकॉर्ड का करत? टेपमुळे. टेपवर खालून हिस (सततची सरसर) आणि वरून सॅच्युरेशन (मोठा आवाज चेपला जाणं). मधली वापरण्याजोगी जागा ढोबळ मानाने ६०-७० डेसिबलची. हळुवार ओळ हिसमध्ये बुडू नये आणि वरचा सूर चेपू नये म्हणून आवाज आधीच आवळून घ्यावा लागे. ती गरज होती आणि त्या लोकांनी त्यातून कला उभी केली. आजच्या २४ बिटच्या कन्व्हर्टरमध्ये ११० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा असते. गरज गेली, सवय राहिली.

आवाज फाटू नये यासाठी गेन कमी ठेवा. उपाय एवढाच आहे. गाण्यातली सगळ्यात वरची, सगळ्यात जोराची ओळ गाऊन घ्या आणि तिचं टोक उणे १२ डीबीएफएसच्या (डिजिटल लेव्हलचं माप; शून्याच्या वर आवाज फाटतो) आसपास येईल असा गेन लावा. चाचणीपेक्षा खऱ्या टेकमध्ये माणूस हमखास जोरात गातो. त्यासाठी वर मोकळी जागा उरते.

आणि कॉम्प्रेशन छापलं गेलं की परत फिरत नाही. माझ्या ओळखीच्या एका गायिकेने उत्साहाने कॉम्प्रेसर आणला आणि एकाच बैठकीत चार गाणी त्यातून रेकॉर्ड केली. प्रत्येक वरच्या सुरावर १२-१५ डेसिबल दाब पडला होता. अंतऱ्यात आवाज चढायच्या जागी आकसत होता आणि दोन ओळींच्या मधला श्वास गाण्याइतका मोठा झाला होता. गायली अप्रतिम होती. त्यातलं एकही गाणं वापरता आलं नाही, आणि पुन्हा गाताना तो भाव परत आला नाही. ते अजून मला लागून राहिलं आहे.

श्वास का मोठा झाला, ते समजून घ्या. कॉम्प्रेसर मोठे सूर ६ डेसिबल खाली ओढतो आणि मग आपण सगळंच ६ डेसिबलने वर उचलतो. म्हणजे सुरांच्या तुलनेत श्वास, पंखा, भिंतीचा पडसाद हे सगळं ६ डेसिबल वर आलं. खोलीच्या हिशेबाने गाणारा माइकपासून दुप्पट दूर गेल्यासारखं झालं. उपचार न केलेल्या खोलीत जितकं जास्त कॉम्प्रेशन, तितकी खोली पुढे आणि गळा मागे.

जाणते लोक रेकॉर्ड करतानाच दोन-तीन डेसिबल हलकं कॉम्प्रेशन करतात, आणि त्याचं एक चांगलं कारण आहे: हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज सावरलेला ऐकू आला की गाणारा निवांत गातो. हे सुख घरीही मिळतं. कॉम्प्रेसरचं प्लगइन फक्त ऐकण्याच्या वाटेवर लावा, रेकॉर्ड मात्र कोराच आवाज होऊ द्या. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवलात तर उशीर फारसा जाणवत नाही.

"लेव्हल शून्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं"

हे १६ बिटच्या काळाचं शहाणपण आहे. एक बिट म्हणजे ६ डेसिबल. १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मिळत, त्यातले १२ सोडणं जिवावर येई. २४ बिटमध्ये १४४ मिळतात. टोक उणे १२ ला ठेवलं तर २ बिट गेले, १३२ डेसिबल उरले. कन्व्हर्टरचा स्वतःचा नॉइज त्याच्या बराच वर असतो, म्हणजे गेलेल्या त्या दोन बिटांत ऐकण्यासारखं काही नव्हतंच. उलट शून्याला चिकटून गायलेल्या टेकमध्ये एक सूर जरी वर गेला तरी तो कायमचा फाटतो. याहून जास्त बोलण्यासारखं यात काही नाही.

"कॉम्प्रेसर चारास एकवर ठेवा की झालं"

थ्रेशोल्ड म्हणजे ज्या लेव्हलच्या वर कॉम्प्रेसर दाबायला लागतो ती, आणि रेशो म्हणजे त्याच्या वर गेलेला आवाज तो किती पटीने कमी करतो ते. समजा थ्रेशोल्ड उणे २०, रेशो चारास एक. एका रेकॉर्डिंगमध्ये टोक उणे ८ ला आहे. थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज ३ वर येतो, म्हणजे ९ डेसिबल दाबला गेला. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये टोक उणे १८ ला आहे. २ डेसिबल वर गेलेला आवाज अर्ध्या डेसिबलवर येतो, दाब फक्त दीड. आकडे तेच असताना एका गाण्याचा गळा आवळला गेला आणि दुसऱ्याला धक्काही लागला नाही. रेकॉर्डिंगची लेव्हल माहीत नसताना दुसऱ्याला थ्रेशोल्ड सांगता येत नाही, आणि थ्रेशोल्डशिवाय रेशोला अर्थ नाही.

एलए-२एवर रेशोचा किंवा अटॅकचा खटकाच नाही. गेन आणि पीक रिडक्शन, ही दोन बटणं, आणि कॉम्प्रेस की लिमिट हे ठरवणारा एक स्विच. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, तो स्वतःच ठरवतो: निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला १ ते १५ सेकंदांत, आधी किती वेळ किती दाबलं त्यावर. म्हणूनच तो लांब सुरांवर इतका सहज वाटतो. ११७६ वर थ्रेशोल्डचं बटण नाही; तो ठरलेला असतो आणि इनपुट वाढवून आवाज त्याच्यावर चढवायचा. शिवाय त्याचा अटॅक उजवीकडे फिरवला की जलद होतो, सवयीच्या उलट. त्याची हुबेहूब नक्कल करणारी प्लगइनंही तशीच वागतात, आणि हे माहीत नसल्याने अनेक जण मंद म्हणून सगळ्यात जलद अटॅक लावून बसतात.

आकड्यांऐवजी कानाने शोधण्याची पद्धत सांगतो. कॉम्प्रेसर लावण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये ओळी हाताने सारख्या करा: जिथे आवाज दबला तिथे दोन-तीन डेसिबल चढवा, जिथे फार उसळला तिथे उतरवा. काम कंटाळवाणं आहे, पण यासारखं दुसरं काही नाही. यानंतर कॉम्प्रेसरला फार ओढाताण करावी लागत नाही. रेशो दोन किंवा तीन घ्या आणि थ्रेशोल्ड असा आणा की जोराच्या शब्दांवर काटा ३ ते ५ डेसिबल हलेल आणि हळू शब्दांवर जागेवर परत येईल. मग अटॅक. तो अगदी जलद करून "त", "ट", "क" ऐका. ते गुळगुळीत झालेले जाणवतील. आता हळूहळू मंद करत न्या. १५-२० मिलिसेकंदांच्या आसपास कुठेतरी व्यंजनांना धार परत येते. जरा पुढे गेलात की ती टोचू लागतात. तिथून थोडं मागे या. रिलीज गाण्याच्या श्वासावर बसवा. फार जलद ठेवलात तर शब्द संपताक्षणी खोली उसळून वर येते. फार मंद ठेवलात तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द दबका निघतो.

अजून दाब हवा असेल तर एकाच कॉम्प्रेसरला पिळू नका. एक जलद, फक्त टोकं घेणारा, आणि त्यामागे एक मंद, सगळ्याला सावरून धरणारा. दोघांनी तीन-तीन डेसिबल केलेलं काम एकाने केलेल्या सहापेक्षा जवळजवळ नेहमीच नैसर्गिक वाटतं.

"प्लगइनमध्ये ती मजा नाही"

बटणं हातात धरून काम करण्याचा आनंद वेगळा आहे, हे मान्य. गाणाऱ्यासमोर बसून काटा हलताना पाहत रेकॉर्ड करणं हाही अनुभव आहे. ज्याला तो हवा त्याने जरूर घ्यावा. पण त्याला आवाजाच्या दर्जाचं नाव देऊ नये.

बहुतेक तुलना एका साध्या गोष्टीने फसतात: जास्त मोठं ऐकू येतं ते चांगलं वाटतं. अर्धा डेसिबल मोठा असला तरी माणूस म्हणतो, याला खोली आहे, हा मोकळा आहे. म्हणून तुलना करताना दोन्हींची लेव्हल मीटरवर नेमकी जुळवा, शक्यतो दशांश डेसिबलपर्यंत. प्रीअँपची तुलना दोन वेगवेगळे टेक गाऊन तर करूच नका. दुसऱ्यांदा माणूस वेगळंच गातो. एकच कोरा टेक चांगल्या स्पीकरवर वाजवा, समोर न हलवता माइक ठेवा आणि तो एकदा या प्रीअँपमधून, एकदा त्या प्रीअँपमधून रेकॉर्ड करा. कॉम्प्रेसरसाठी तोच टेक इंटरफेसच्या आउटपुटमधून हार्डवेअरला पाठवून परत घ्या, आणि प्लगइनमधून घेतलेला त्याच्या शेजारी ठेवा.

हे करूनही पेटी घ्यावीशी वाटली तर प्रीअँपचे चार आकडे आधी पाहा: नॉइज, कमाल गेन, न फाटता किती मोठा इनपुट घेतो, आणि इनपुट इम्पिडन्स (इनपुटचा रोध). शेवटचा रिबन माइकसाठी (धातूच्या पातळ पट्टीवर चालणाऱ्या माइकसाठी) फार महत्त्वाचा आहे. माइकच्या रोधाच्या किमान पाचपट, शक्य तर दहापट असू द्या, नाहीतर माइकचा स्वभाव बदलतो. १०७३ वर १,२०० आणि ३०० ओहम असे दोन पर्याय आहेत ते याच कारणाने. फँटम पॉवर (माइकला तारेतूनच मिळणारी वीज) ४८ व्होल्टची आहे ना, ती बंद करता येते ना, हेही बघा. कॉम्प्रेसर घेताना बायपासचा स्विच हवाच, आणि दाब किती पडतोय ते दाखवणारा मीटर हवा.

मग तुलनेसाठी केलेल्या त्या फाइलींना नावांऐवजी आकडे द्या, दुसऱ्या कुणाला तरी क्रम बदलायला सांगा आणि दहा वेळा ओळखून पाहा. दहापैकी नऊ वेळा ओळखता आला, आणि दर वेळी आवडलाही तोच, तर घ्या. पाच-सहा वेळाच ओळखता आला तर पेटी परत करा आणि त्या पैशातून गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाका.